बालसंगोपन रजा : नकारापुढेही वाट आहे



फेडरेशनच्या बैठकीसाठी दिल्लीला गेलो की आम्ही एक संध्याकाळ सरोजिनी नगरसाठी राखून ठेवतो. बाहेरच्यांना सरोजिनी नगर म्हटले की स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. आपल्या लोकांना तेथे रिंग रेल्वेवरचे छोटे स्टेशन दिसते, हेड पोस्ट ऑफिस दिसते आणि आसपास पसरलेली केंद्र सरकारी नोकरांची वसाहत दिसते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील ज्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीला मंजुरी दिली, त्यांत सरोजिनी नगरही होते. जुन्या बुटक्या क्वार्टरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. घरे वाढली, लिफ्ट आली. पण आईने सकाळी ड्युटीवर जाताना मूल कोणाकडे सोडायचे, हा प्रश्न जुन्या क्वार्टरात होता तसाच नव्या इमारतीतही राहायला आला आहे.

गेल्या खेपेस त्या भागातील एका मराठी कुटुंबाकडे चहाला गेलो होतो. घरातील भगिनी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करते. कार्यालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मुलगा साडेतीन वर्षांचा, हवा बदलली की त्याला धाप लागते. नवरा लाईनवर, आठवड्यातल्या निम्म्या रात्री घराबाहेर. सासूबाई गावी आजारी. तिने साठ दिवसांची बालसंगोपन रजा मागितली होती. उत्तर एका ओळीचे आले : "प्रशासकीय कारणास्तव विनंती मान्य करता येत नाही." खाली सही, शिक्का आणि तारीख.

तो कागद आमच्या हाती देऊन ती म्हणाली, "दादा, मी वर अर्ज करीन. पण वरच्यांनी नाही म्हटलं, ट्रायब्युनलनंही नाही म्हटलं, तर पुढं कोण आहे?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. भुसावळच्या बुकिंग ऑफिसात, मनमाडच्या पार्सल ऑफिसात, आर.एम.एस.च्या सॉर्टिंगमध्ये, पोस्टाच्या काउंटरवर काम करणाऱ्या शेकडो भगिनींच्या मनात तो आहे. म्हणून या अंकात त्याचे उत्तर सविस्तर देण्याचे आम्ही ठरविले.

नियम काय सांगतो

सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर केंद्र सरकारने ११ सप्टेंबर २००८ रोजी बालसंगोपन रजेचा आदेश काढला. महिला कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवेत ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षे, पहिल्या दोन हयात मुलांच्या संगोपनासाठी ही रजा मिळते. मुलाचे वय अठरा वर्षांच्या आत असावे. अपंग मुलाच्या बाबतीत आता वयाची अट राहिलेली नाही. केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, १९७२ यांत हा नियम ४३-सी म्हणून आहे आणि रेल्वे बोर्डाने त्याच धर्तीची तरतूद आपल्या संहितेत केली आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये नियमात बदल झाले. पत्नी नसलेल्या, एकट्याने मूल वाढविणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ही रजा मिळू लागली. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगार असे ठरले. एका वर्षात तीन वेळा, एकट्या आईला सहा वेळा ही रजा घेता येते. एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी मिळत नाही. परिविक्षा काळात ती सर्वसाधारणपणे दिली जात नाही.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. केंद्राची रजा त्याच्या चौपट आहे. कागदावर ही मोठी कमाई आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण त्याच नियमांत एक जुने वाक्य आहे : रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. हेच वाक्य पुढे करून साहेब मंडळी नकाराचा शिक्का उचलतात. रजा हक्क नसेल, तर नकार देणे हाही कोणाच्या मर्जीचा हक्क नाही, हे त्यांना सांगावे लागते. आणि ते सांगण्याची जागा ठरलेली आहे.

पायऱ्या कोणत्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचे खरे होते, कारण कोर्ट वेळ खाते आणि पैसाही खाते. पण पायरी कोठे आहे आणि ती किती वाजता बंद होते, एवढे तरी शहाण्याला ठाऊक असावे.

केंद्र सरकारी नोकरांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ज्याला आपण सारे 'कॅट' म्हणतो. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याची वाट घातली गेली. १९८५ चा कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून कॅटचे काम सुरू झाले. महाराष्ट्र आणि गोव्यातील कर्मचाऱ्यांसाठी मुंबईचे पीठ आहे आणि नागपूरलाही त्याच्या बैठका होतात.

तेथे जाण्यापूर्वी खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कायद्यानेच लिहून ठेवली आहे : अर्जाला उत्तर आले नाही तर सहा महिने थांबायचे, आणि मग पुढच्या एका वर्षात कॅटमध्ये दावा टाकायचा. अंतिम नकार हाती आला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. मुदत टळली तर उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण तेथे सबळ कारण दाखवावे लागते. स्मरणपत्रामागून स्मरणपत्र पाठविल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एस. एस. राठोर खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे.

येथे आम्हाला आमचीच एक चूक कबूल करायची आहे. ही रजा नवी होती तेव्हाची गोष्ट. बुकिंगवर काम करणारी एक भगिनी असाच नकाराचा कागद घेऊन आमच्याकडे आली होती. आम्ही तिला सांगितले, "बाई, घाई करू नका, साहेबांशी बोलतो, तोवर एक स्मरणपत्र टाका." तिने एक टाकले, मग दुसरे, मग तिसरे. आम्ही साहेबांशी बोललो, साहेब हसून बोलले, चहा झाला. दरम्यान साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, पुन्हा चहा झाला. वकिलाकडे गेलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते. तिने बिनपगारी रजा घेतली आणि तिच्या वेतनवाढीची तारीख पुढे गेली. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. पण ते नुकसान साहेबांइतकेच आमच्या गोड सल्ल्याने झाले. ही चूक पुन्हा कोणत्याही शाखा सचिवाच्या हातून घडू नये, म्हणून हे येथे लिहीत आहोत.

न्यायाधिकरणाने नाही म्हटले तर

आता त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅटनेही नकार दिला तर काय?

सुरुवातीची बारा वर्षे याचे उत्तर फार कठीण होते. १९८५ च्या कायद्याने उच्च न्यायालयाचा दरवाजा बंद केला होता. कॅटनंतर थेट सर्वोच्च न्यायालय, आणि तेही न्यायालयाने विशेष परवानगी दिली तरच. सोलापूरच्या पॉइंट्समनने किंवा रत्नागिरीच्या पोस्टमनने त्यासाठी दिल्ली गाठायची! १८ मार्च १९९७ रोजी एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही स्थिती बदलली. उच्च न्यायालयाचा न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, तो कायद्याने किंवा घटनादुरुस्तीनेही काढून घेता येत नाही, असा निर्णय झाला. तेव्हापासून कॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य खंडपीठापुढे रिट अर्ज करता येतो.

पण न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते अपील नव्हे. तुम्हाला रजेची गरज होती की नव्हती, घरी दुसरे कोणी होते की नव्हते, याचा पंचनामा उच्च न्यायालय पुन्हा करीत नाही. ते पाहते की नियमाचा अर्थ बरोबर लावला का, बाजू ऐकली का, कारणे दिली का, आणि कोणत्याही शहाण्या माणसाला पटणार नाही असा निर्णय तर झाला नाही ना. १९८४ साली ब्रिटनमध्ये सरकारने आपल्या टेहळणी केंद्रातील कर्मचाऱ्यांना युनियनचे सभासद होण्यास मनाई केली, तेव्हा तेथील नागरी सेवा युनियन न्यायालयात गेल्या. राष्ट्रीय सुरक्षेच्या मुद्द्यावर त्या हरल्या. पण सरकारचा निर्णय कोणत्या कसोट्यांवर तपासता येतो, हे त्याच निकालात स्पष्टपणे मांडले गेले आणि आपली न्यायालयेही त्याचा आधार घेतात. हरलेला लढाही पुढच्यांच्या कामी येतो, तो असा.

दुसरी एक कसोटी आपल्याच देशातली आहे. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेशाची वैधता त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरेल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे चिकटवता येणार नाहीत. म्हणजे "प्रशासकीय कारणास्तव" या दोन शब्दांच्या मागे साहेबांना कोर्टात गेल्यावर नवा डोंगर रचता येत नाही. ते दोन शब्दच त्यांच्या बाजूचा पुरावा, आणि तो किती लंगडा आहे हे कोणालाही दिसते.

तीन निकाल ध्यानात ठेवा

पहिला निकाल काकली घोष खटल्याचा, १५ एप्रिल २०१४. अंदमान-निकोबार प्रशासनातील या भगिनीने मुलाच्या परीक्षेसाठी जुलै २०११ पासून सहा महिन्यांची बालसंगोपन रजा मागितली. मिळाली ४५ दिवस. कॅटने तिच्या बाजूने निर्णय दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कॅटचा आदेश कायम केला : नियमाप्रमाणे ७३० दिवस सलगही देता येतात, आणि रजा नाकारण्याचे कोणतेही कारण प्रशासनाने दाखविलेले नाही.

दुसरा निकाल दीपिका सिंह खटल्याचा, १६ ऑगस्ट २०२२. तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. चंदीगडच्या पी.जी.आय. रुग्णालयातील ही परिचारिका. पतीला पहिल्या विवाहाची दोन मुले होती. तिने ती आपली मानली, त्यांची नावे सेवापुस्तकात लावून घेतली आणि त्यांच्यासाठी बालसंगोपन रजा घेतली. जून २०१९ मध्ये तिला स्वतःचे पहिले मूल झाले. तिने प्रसूती रजा मागितली तर प्रशासनाने हिशेब मांडला : दोन मुलांसाठी रजा घेतली आहे, तेव्हा हे तिसरे, प्रसूती रजा दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तरच. कॅटने जानेवारी २०२१ मध्ये नकार दिला. उच्च न्यायालयाने मार्चमध्ये नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द केले. बालसंगोपन रजा वेगळी, प्रसूती रजा वेगळी; एक घेतली म्हणून दुसरी बुडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. नियमाचा अर्थ त्याचा हेतू ओळखून लावावा आणि कुटुंब सगळीकडे एकाच साच्याचे नसते हे ध्यानात घ्यावे, असेही सांगितले. ज्या बाईने सावत्र मुलांना सावत्र मानले नाही, तिला तिच्या मायेचीच शिक्षा मिळत होती. ती टळली.

तिसरा निकाल जुना आहे, पण युनियनवाल्यांनी तो भिंतीवर लावावा असा आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील रोजंदारी महिलांना प्रसूती लाभ मिळत नव्हता. त्या रस्त्यावर, खडीत, उन्हात काम करीत. त्यांच्या वतीने दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियनने वाद उभा केला. औद्योगिक न्यायाधिकरणाने १९९६ मध्ये महिलांच्या बाजूने निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही हरली. निकालाची तारीख होती ८ मार्च २०००, महिला दिन. त्यांतील एकीलाही एकटीने वकील करावा लागला नाही. वाद युनियनने लढविला होता.

या तिन्ही निकालांतून त्या भगिनीला उत्तर मिळते. न्यायाधिकरणाचा नकार हा शेवट नाही. पुढे उच्च न्यायालय आहे, त्यापुढे सर्वोच्च न्यायालय आहे, आणि तेथे सामान्य कर्मचारी जिंकले आहेत.

पण तारखा पुन्हा वाचा

आम्ही जर येथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितले असे होईल. म्हणून वरच्या तारखा पुन्हा वाचा. परीक्षेसाठी रजा २०११ मध्ये मागितली, निकाल २०१४ मध्ये आला. तोवर ती परीक्षा होऊन गेली होती. प्रसूती रजा २०१९ ची, निकाल २०२२ चा. तोवर ते बाळ तीन वर्षांचे झाले होते. थकबाकी मिळते, वेतनवाढ सुधारून मिळते, सेवापुस्तकातली नोंद दुरुस्त होते. तान्ह्या बाळाजवळ न काढलेले दिवस कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. फाईल थांबते, मूल मोठे होण्याचे थांबत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की कोर्ट हे शेवटचे हत्यार म्हणून धार लावून ठेवावे, पण लढाई पहिल्या टेबलावरच जिंकण्याची तयारी करावी. पहिल्याच अर्जात मुलाचे वय, आजाराचा कागद, शाळेचे किंवा परीक्षेचे पत्र, घरी दुसरे कोण आहे, रजेच्या नेमक्या तारखा आणि नियमाचा क्रमांक लिहावा. अर्जाची पोच घ्यावी. तोंडी नकार स्वीकारू नये. नकार एका ओळीचा आला तर त्याच आठवड्यात कारणांसह आदेश मागावा. कॅटमध्ये जायची वेळ आलीच तर मूळ अर्जाबरोबर अंतरिम आदेशाची मागणी करावी, म्हणजे निकाल लागेपर्यंत रजेची गरजच संपून जाणार नाही. पुढे खंडपीठ पाहणार आहे ते हेच कागद. पाया पहिल्या दिवशी घातला नसेल तर वरचा मजला कोणता वकील बांधणार?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. रजा नाकारणारे सारेच साहेब दुष्ट नसतात. बऱ्याच ठिकाणी खरे कारण रिकाम्या जागा हे असते. चौघांचे काम दोघे करीत असतात. लीव्ह रिझर्व्हच्या जागा भरलेल्या नसतात. मग एका आईला रजा दिली की शेजारच्या काउंटरवरच्या माणसाची डबल ड्युटी लागते, आणि तोच आपला बंधू कुरकुरतो : "बायकांना काय, दोन वर्षे घरी बसायला पगार!" बंधूंनो, तुमची डबल ड्युटी त्या आईने लावलेली नाही. ती न भरलेल्या जागेने लावली आहे. भांडण करायचे तर दोघांनी मिळून त्या जागेसाठी करावे.

रजा आहे, पाळणाघर कोठे आहे?

दोन वर्षांची रजा संपते. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत उरलेल्या वर्षांचे काय? येथे आपली स्थिती 'आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना' अशी आहे. रजा मागावी तर प्रशासन देत नाही, आणि कामावर यावे तर मूल ठेवायला जागा नाही.

ऑस्ट्रेलियात पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी अनुदान मिळते. आजच्या स्वरूपात ते जुलै २०१८ पासून आहे. अनुदान मान्यताप्राप्त पाळणाघरामार्फतच मिळते. म्हणून तेथे खटले होतात ते पाळणाघराला मान्यता नाकारल्याबद्दल. संस्था न्यायाधिकरणाकडे जाते, तेथेही नकार मिळाला तर कायद्याच्या मुद्द्यावर फेडरल न्यायालयात जाते. तेथले न्यायालयही आपल्यासारखेच, पुन्हा तथ्यांचा पंचनामा न करता कायदा चुकला का एवढेच पाहते. म्हणजे त्यांचे भांडण पाळणाघर कोणी चालवावे यावर, आणि आपले भांडण पाळणाघर आहे तरी कोठे यावर! आपल्या प्रश्नाची उंची किती कमी आहे, हे यावरून दिसते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती झाली. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातही पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली ठेवण्यास सांगितले होते. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या धुळीत खेळणारी मजुरांची पोरे पाहून 'मोबाईल क्रेशेस' सुरू केले, तेव्हा असा कायदाही नव्हता. सरकारी क्वार्टर बांधणाऱ्या मजूर बाईचे मूल आणि उद्या त्या क्वार्टरात राहणाऱ्या कारकून बाईचे मूल, दोघांची गरज एकच आहे. आणि हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आईच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि शासनाने उचलावा, हे आपण तेव्हापासून म्हणत आहोत.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतींत पाळणाघरे, बालवाड्या, शिवणवर्ग चालविण्यासाठी १९५४ मध्ये दिल्लीत 'गृह कल्याण केंद्र' ही संस्था स्थापन झाली. आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या या बाया स्वतः मात्र तुटपुंज्या पगारावर राहिल्या. त्यांची युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली : समान कामाला समान दाम द्या. न्यायालयाने माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्याकडे तुलनेचे काम सोपविले. अहवाल आला की त्यांच्या कामाशी तुलना करता येतील असे कर्मचारी दुसरीकडे नाहीत. जानेवारी १९९१ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. समान कामाला समान वेतन हे तत्त्व घटनेच्या समतेतूनच येते, हे त्याच निकालात मान्य झाले. पण लाभ या बायांना मिळाला नाही. मूल सांभाळण्याच्या कामाची तुलना करायला दुसरे काम सापडत नाही, म्हणून त्याचे मोल कमी! हा हिशेब आम्हाला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. पाळणाघराची मागणी करताना तेथे काम करणाऱ्या बाईच्या पगाराची मागणी त्याच कागदावर असली पाहिजे. एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या पिळवणुकीवर उभी राहू नये.

आणि नियमाच्या बाहेर राहिलेल्या भगिनींना आपण विसरता कामा नये. ग्रामीण डाकसेविकांना कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये पगारी प्रसूती रजा मिळाली, पण रजा नियम ४३-सी त्यांना लागू नाही, कारण त्यांचे नियम वेगळे. जोखमीचे काम तेच, टपालाची थैली तीच. त्या नागरी पदावर आहेत हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच राजम्मा खटल्यात मान्य केले आहे. स्टेशनवर सफाई करणाऱ्या कंत्राटी बायांची स्थिती त्याहून वाईट. त्यांच्या दृष्टीने हा सारा अग्रलेख दुसऱ्याच गावची बातमी आहे. ती बातमी त्यांच्या गावापर्यंत नेणे हे आपले काम आहे.

शाखांनी काय करावे

हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या खटल्यात, शालिनी धर्मानी खटल्यात, २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेची आवश्यकता आहे, आणि सरकारने आदर्श मालकासारखे वागले पाहिजे. तिचा मुलगा हाडांच्या दुर्धर आजाराने ग्रस्त होता आणि तिच्या राज्याने ही रजाच लागू केली नव्हती. आदर्श मालक हा शब्द आता न्यायालयाचा आहे. तो पी.एन.एम.च्या आणि जे.सी.एम.च्या टेबलावर घेऊन जाणे आपल्या हाती आहे. आमच्या मागण्या अशा :

१. बालसंगोपन रजेच्या अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय व्हावा. नकार द्यायचा तर कारणांसह आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने द्यावा.

२. लीव्ह रिझर्व्हच्या साऱ्या जागा भराव्यात. जागा रिकामी आहे हे रजा नाकारण्याचे कारण धरू नये.

३. प्रत्येक मोठ्या रेल्वे वसाहतीत, मोठ्या स्टेशनजवळ आणि मोठ्या टपाल कार्यालयात पाळणाघर असावे, आणि त्याची वेळ ड्युटी रोस्टरप्रमाणे असावी. नऊ ते सहाचे पाळणाघर पहाटे चारच्या ड्युटीवरील आईच्या काय कामाचे?

४. पाळणाघरातील कर्मचाऱ्यांना मानधनाऐवजी वेतन मिळावे.

५. ग्रामीण डाकसेविका आणि कंत्राटी कामगार भगिनींना या सोयी लागू कराव्यात.

याबरोबर प्रत्येक शाखेने एक वही घालावी. कोणाचा अर्ज कोणत्या तारखेला गेला, नकार केव्हा आला, मुदत केव्हा संपते, एवढेच तिच्यात लिहावे. ती वही सचिवाच्या कपाटात न ठेवता महिला प्रतिनिधीच्या हाती द्यावी. ज्या शाखेत महिला प्रतिनिधी नाही, त्या शाखेने आधी ती निवडावी. आमच्या स्वतःच्या बैठकांत हा विषय वर्षानुवर्षे शेवटून दुसरा असायचा, चहा आणि आभार यांच्या आधी. तो वर आला पाहिजे.

त्या संध्याकाळी सरोजिनी नगरात आम्ही चहा संपविला आणि कागद मागितला. जेवणाच्या ताटांची जागा करून तिने लिहायला घेतले. आम्ही नियम सांगत होतो, तारखा ती सांगत होती, आणि पोराने मधेच येऊन पेनाचे टोपण पळविले. सव्वा पानाचा अर्ज झाला. शेवटी तिने एक वाक्य स्वतःहून घातले : "नकार द्यावयाचा असल्यास कृपया कारणे लिहून द्यावीत." दुसऱ्या दिवशी तिने तो टपालखिडकीवर दिला आणि पोच घेतली. पोचेची तारीख तिने वहीत लिहिली, आम्हीही आमच्या वहीत लिहिली. या वेळी वर्ष उलटू देणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!